शेलमधील संख्यांची तुलना : ‘खरे’, ‘खोटे’ आणि वाटेत हरवणारे तिसरे उत्तर

सुकाणू (दापोली तालुका) – मूळ धागा

आमच्या बंदरावरील मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात एका जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स चालते आणि त्यावर पूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे ‘शेल’ या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठीची कमांडांची फाइल, आहे. ती रोज सकाळी एका साध्या मजकूर फाइलमधून लाटांची अपेक्षित उंची वाचते. उंची तीन मीटरपेक्षा अधिक असेल तर तांडेलांच्या गटासाठी इशारा तयार करते, नसेल तर ‘समुद्र नेहमीसारखा आहे’ असा मजकूर तयार करते. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा अंदाज पाहून फाइलमधला आकडा कार्यालयात हजर असेल तो माणूस हाताने टाकतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात स्क्रिप्ट बंद असते, त्यामुळे हंगामापूर्वी तिची पद्धतशीर चाचणी घेण्याचे काम मी अंगावर घेतले आहे.

वाचकांच्या सोयीसाठी एक संकेत आधीच सांगतो. कमांड आणि व्हेरिएबलची नावे मी देवनागरीत लिहीत आहे, प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच द्यावी लागतात. आकडेही इथे देवनागरीत दिसतील, पण जिथे वेगळे सांगितलेले नाही तिथे चाचणीत इंग्रजी आकडेच टाकले आहेत.

स्क्रिप्टमधील मुख्य ओळ अशी आहे (-जीटी म्हणजे ‘पेक्षा मोठे’, $उंची म्हणजे फाइलमधून वाचलेली किंमत) :

इफ [ "$उंची" -जीटी ३ ], देन इशारा, एल्स नेहमीसारखा, एफआय

फाइलमध्ये ५ लिहिले असता इशारा आला, २ लिहिले असता आला नाही, आणि नेमके ३ लिहिले असताही आला नाही, जे -जीटीच्या अर्थाला धरूनच आहे. त्यानंतर ३.४ लिहिले, तेव्हा मात्र स्क्रिप्टने ‘समुद्र नेहमीसारखा आहे’ असा मजकूर दिला. अंदाजातील उंची बहुधा दशांशासहच येते, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे गांभीर्य कळेल.

याचे कारण शोधण्यास वेळ लागत नाही. चौकोनी कंस ही टेस्ट नावाची कमांडच आहे, आणि पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या सामाईक मानकानुसार तिचे एक्झिट कोड (कमांड संपताना परत करते ते आकडे) तीन प्रकारचे असतात : तुलना खरी असेल तर ०, खोटी असेल तर १, आणि तुलनाच करता आली नाही तर १ पेक्षा मोठा कोड, जो बॅश आणि डॅश या दोन्ही शेलमध्ये २ असतो. बॅश अशा वेळी ‘इंटिजर एक्स्प्रेशन एक्स्पेक्टेड’ असे आणि डॅश ‘इल्लीगल नंबर’ असे एरर-वाहिनीवर, म्हणजे चुकांच्या निरोपांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, लिहिते. परंतु इफ या रचनेला शून्य आणि शून्येतर एवढाच भेद कळतो. १ आणि २ हे दोन्ही कोड तिच्या लेखी सारखेच असल्यामुळे ‘उंची कमी आहे’ आणि ‘उंची वाचता आली नाही’ ही दोन अगदी वेगळी उत्तरे एल्सच्या एकाच दारातून बाहेर पडतात. आमच्या स्क्रिप्टमध्ये तर एरर-वाहिनी डेव्ह-नलकडे, म्हणजे आलेले सर्व टाकून देणाऱ्या फाइलकडे, वळवलेली होती, त्यामुळे तक्रारीचा शब्दही कोणाच्या दृष्टीस पडत नव्हता.

अट उलटी लिहिली तर परिणामही उलटतो. कंसाबाहेर उद्गारचिन्ह लावून ‘तीनपेक्षा मोठी नसेल तर’ अशी अट केली, की उद्गारचिन्ह २ चेही शून्यच करते आणि न वाचता आलेली नोंद ‘खरी’ ठरते. ‘अनटिल’च्या वळशात (अट खरी होईपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये) अशी नोंद आली तर तुलना कधीच खरी होत नाही आणि वळसा संपत नाही. कमांड अपयशी होताच स्क्रिप्ट थांबवणारे सेट -ई लावून हे टळेल असे अनेकांना वाटते, परंतु इफच्या अटीत किंवा अनटिलच्या अटीत अपयशी झालेल्या कमांडमुळे सेट -ई स्क्रिप्ट थांबवत नाही.

एकेरी चौकोनी कंसाला बॅशमध्ये मी ज्या नोंदी दिल्या, त्यांचे निकाल असे आहेत. अंकांच्या पुढेमागे जागा सुटलेली चालते, +५ आणि -५ चालतात, ०८ ही नोंद निमूटपणे आठ म्हणून वाचली जाते. रिकामी नोंद, ३.४, ‘३ मी’, हेक्स (सोळाच्या पायाच्या) पद्धतीचे ०एक्स१० आणि ९२२३३७२०३६८५४७७५८०७ या ६४ बिटांच्या कमाल मर्यादेपलीकडची संख्या या सगळ्यांना कोड २ मिळतो. व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हे नसतील आणि नोंद रिकामी असेल, तर तक्रार संख्येची न राहता ‘युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड’ अशी होते, कारण शेलला तिथे डावी बाजूच दिसत नाही. कोड तेव्हाही २ असतो.

माझा प्रश्न असा आहे की चाचण्यांची मांडणी कशी करावी, म्हणजे हे तिसरे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे दिसेल? आणि एकेरी कंसाऐवजी दुहेरी कंस वापरण्याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो या कामी योग्य आहे का?

खाडीपलीकडे – प्रतिसाद

आपला धागा मुद्द्याचा आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मजकुरांच्या तुलनेसाठी दुहेरी चौकोनी कंस सोयीचे आहेत, पण बाहेरून आलेल्या संख्येसाठी ते एकेरी कंसापेक्षा अधिक धोक्याचे आहेत.

बॅशमध्ये [[ "$उंची" -जीटी ३ ]] असे लिहिले की दोन्ही बाजू अंकगणिती पदावली म्हणून सोडवल्या जातात. ३.४ दिल्यास एरर छापली जाते, पण एक्झिट कोड २ येत नाही, १ येतो. म्हणजे एकेरी कंसात निदान कोड पाहून ओळखता येणारे तिसरे उत्तर इथे ‘खोटे’ या उत्तरात पूर्णपणे विरघळते. दुहेरी गोल कंसांचेही तसेच आहे.

याहून वाईट प्रकार तो, ज्यात एररसुद्धा येत नाही. ‘एबीसी’ अशी नोंद दिली तर बॅश ते व्हेरिएबलचे नाव समजते, तसे व्हेरिएबल नसल्यामुळे त्याची किंमत शून्य धरते आणि [[ एबीसी -ईक्यू ० ]] (-ईक्यू म्हणजे ‘समान’) हे खरे ठरवते. रिकामी नोंदही शून्यच होते. सेट -यू लावले असेल तर अज्ञात नावावर स्क्रिप्ट थांबते, पण रिकाम्या नोंदीवर थांबत नाही.

आता आपल्याकडच्या लिहिण्याच्या सवयी पाहा. मासळीचे वजन अंदाजे सांगताना ‘८-१०’ असे लिहिण्याची पद्धत आहे. दुहेरी कंस त्याची वजाबाकी करून उणे दोन काढतात आणि ‘पाचपेक्षा मोठे आहे का’ या प्रश्नाला शांतपणे ‘नाही’ म्हणतात. लिलावाची रक्कम ‘१,२००’ अशी स्वल्पविरामासह लिहिली तर स्वल्पविराम हा अंकगणितातील चालक (ऑपरेटर) मानला जातो, त्याच्या शेवटच्या भागाची किंमत घेतली जाते आणि बाराशे रुपयांचे दोनशे होतात. ‘१,०५,०००’ या नोंदीची किंमत तर शून्य होते. एकेरी कंस या सर्व नोंदींना कोड २ देऊन नाकारतो. आपल्या चाचणीच्या तक्त्यात या नोंदी अवश्य घ्याव्यात.

जांभा – प्रतिसाद

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कोणता शेल लिहिला आहे, हे कृपया सांगावे. डेबियनवर बिन-एसएच (प्रणालीचा ठरलेला शेल) म्हणजे बॅश नव्हे, डॅश असते. त्यात [[ ही रचना नाही, तिथे ‘नॉट फाउंड’ असा निरोप आणि कोड १२७ येतो, आणि इफला तोही एल्सचाच रस्ता दाखवतो.

सुकाणू – प्रतिसाद

जांभा, पहिल्या ओळीत बिन-एसएचच आहे, त्यामुळे आपली सूचना नेमकी लागू पडते. मी चाचण्या बॅशमध्ये हाताने चालवत होतो आणि स्क्रिप्ट प्रत्यक्षात डॅशमध्ये चालते. यापुढे प्रत्येक नोंद दोन्हींत आणि बिझीबॉक्स या आटोपशीर कमांड-संचाच्या अॅशमध्येही चालवून पाहीन, कारण बंदरावरील काही छोट्या उपकरणांत बिझीबॉक्सच असते.

खाडीपलीकडे यांनी दिलेला स्वल्पविरामाचा दाखला मी तक्त्यात घेतला आहे. ‘१,०८०’ दिल्यावर दुहेरी कंसात एरर का येते आणि ‘१,२००’वर का येत नाही, हे मात्र मला उलगडले नाही.

माचला (मालवण) – प्रतिसाद

सुकाणू, आपल्या शंकेचे उत्तर अंकापुढच्या शून्यात आहे. अंकगणिती संदर्भात बॅश शून्याने सुरू होणारी संख्या आठच्या पायावर वाचते. स्वल्पविरामानंतर उरलेला भाग ०८० असा आहे, आठच्या पायावर ८ हा अंक नसतो, म्हणून ‘व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस’ अशी एरर येते. एकेरी कंस मात्र नेहमी दहाच्याच पायावर वाचतो.

या प्रकाराचे एक उदाहरण आमच्याकडे पाहायला मिळाले आणि चाचणीच्या दृष्टीने ते बोधक आहे. आजचा दिवस मासेमारीबंदीत येतो का, हे ठरवण्यासाठी एका स्क्रिप्टमध्ये डेट कमांडकडून महिना आणि दिवस सलग चार अंकांत घेतले होते, म्हणजे ८ जूनला ०६०८. अट अशी होती (-जीई म्हणजे ‘तेवढे किंवा मोठे’, -एलई म्हणजे ‘तेवढे किंवा लहान’) : [[ $आज -जीई ०६०१ && $आज -एलई ०७३१ ]]. आठच्या पायावर ०६०१ म्हणजे ३८५ आणि ०७३१ म्हणजे ४७३. दोन्ही सीमा त्याच पायावर वाचल्या जात असल्यामुळे क्रम बिघडत नाही, म्हणून १ जूनपासून ७ जूनपर्यंत उत्तर बरोबर येते. ८ तारखेला एरर येते, कोड १ येतो आणि स्क्रिप्ट म्हणते की बंदी नाही. ९ तारखेला तेच, आणि १० तारखेला पुन्हा सर्व सुरळीत, कारण ०६१० मध्ये ८ किंवा ९ हा अंक नाही. अशा रीतीने जून आणि जुलैच्या ८, ९, १८, १९, २८ आणि २९ या तारखा, म्हणजे ६१ दिवसांपैकी १२ दिवस, चुकतात.

गंमत अशी की ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या प्रत्येक दिवशी, ०८ आणि ०९ मुळे, एररच येते, पण एररचे रूपांतर ‘बंदी नाही’ या उत्तरात होत असल्याने निकाल बरोबर दिसतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला, पंधरा तारखेला आणि शेवटच्या तारखेला चाचणी घेणाऱ्या कोणालाही या स्क्रिप्टमध्ये दोष सापडणार नाही. म्हणून माझे मत असे की केवळ निघालेला मजकूर पाहणारी चाचणी पुरेशी नाही, एरर-वाहिनीवर एकही अक्षर आले तरी ती चाचणी नापास धरावी.

उपाय सोपा आहे. वर्ष पुढे जोडून आठ अंकी तारीख घ्यावी, म्हणजे पुढचे शून्य राहतच नाही, किंवा संख्येपूर्वी १०# लिहून दहाचा पाया सक्तीचा करावा. दुसरा उपाय केवळ अंकच असलेल्या नोंदीलाच करावा.

वेंगुर्ल्याची – प्रतिसाद

इतका वेळ कोणी देवनागरी आकड्यांचा विषय काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. कार्यालयात मराठी कळफलक चालू असेल तर माणूस फाइलमध्ये ‘१२’ देवनागरीतच टाकणार, आणि आपल्या डोळ्यांना त्यात काहीही वावगे दिसणार नाही. युनिकोडमधील यूटीएफ-८ रूपात प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो आणि शेलच्या तुलनेला तो अंक वाटतच नाही. एकेरी कंस कोड २ देतो, दुहेरी कंस ‘ऑपरंड एक्स्पेक्टेड’ म्हणून कोड १ देतो.

रूपांतर करण्यासाठी चिन्हे बदलणारी टीआर कमांड वापरण्याचा मोह होतो, तो कृपया टाळावा. लिनक्सवरील ग्नूची टीआर एकेका बाइटवर काम करते, अक्षरावर नव्हे. तिला दहा देवनागरी अंक आणि दहा इंग्रजी अंक दिले तर ती तीस बाइटांची दहा बाइटांशी जोडी लावायला बसते, आणि एका देवनागरी अंकाचे तीन इंग्रजी अंक होतात. बारा ही दोन अंकी नोंद सहा अंकी होऊन बाहेर पडते. तिच्यात केवळ इंग्रजी अंकच असल्यामुळे पुढची कोणतीही तपासणी तिला अडवत नाही. हे काम सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडच्या ‘वाय’ आदेशाने करावे, मात्र लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची मांडणी) यूटीएफ-८ असल्याची खात्री करून, कारण ‘सी’ लोकेलमध्ये सेडलाही ती अक्षरे बाइटांचे तुकडेच वाटतात आणि दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही अशी तक्रार ती करते. ही तक्रार निदान ऐकू येते.

अंकांची तपासणी करताना चौकोनी कंसात ‘शून्य ते नऊ’ असा पल्ला न देता दहाही इंग्रजी अंक सुटे लिहावेत. पल्ल्याचा अर्थ लोकेलवर आणि शेलच्या आवृत्तीवर अवलंबून असू शकतो, सुट्या यादीला तो धोका नाही.

सह्याद्रीकडून – प्रतिसाद

सर्व वाचल्यावर प्रामाणिक प्रश्न पडतो की हे काम पायथनमध्ये का करू नये? तिथे ‘एबीसी’चे पूर्णांकात रूपांतर करू गेल्यास प्रोग्रॅम थेट थांबतो, शून्य धरून पुढे जात नाही. शिवाय पायथनचे इंट (पूर्णांक) आणि फ्लोट (दशांश) देवनागरी आकडे जसेच्या तसे स्वीकारतात, ‘३.४’ देवनागरीत दिले तरी त्याचे योग्य मूल्य मिळते. शेलमध्ये कसरत करण्यात काय हशील आहे?

खाडीपलीकडे – प्रतिसाद

आपले म्हणणे बऱ्याच अंशी मान्य आहे, आणि नवीन काम सुरू करायचे असते तर मीही तेच सुचवले असते. पण बिझीबॉक्सच्या उपकरणांवर पायथन असेलच असे नाही, आणि सोसायटीच्या त्या संगणकावरील सर्व नित्यक्रम आज शेलमध्येच आहेत. शिवाय पायथनमध्ये तिसरे उत्तर आपोआप सांभाळले जाते, हेही पूर्ण खरे नाही. फ्लोटला ‘नॅन’ (‘संख्या नव्हे’) ही अक्षरे दिली तर ती बिनतक्रार स्वीकारली जातात आणि त्या मूल्याची तीनशी केलेली ‘मोठे आहे का’ ही तुलना खोटी ठरते. फाइल कोणत्याही अन्य प्रोग्रॅमने तयार केली आणि माहिती नसल्याची खूण म्हणून त्याने ‘नॅन’ लिहिले, तर समुद्र पुन्हा नेहमीसारखाच.

देवबाग – प्रतिसाद

दशांशासाठी ऑक (मजकुरावर प्रक्रिया करणारी कमांड) वापरावे, हा सोपा मार्ग आहे. ऑक -व्ही उ="$उंची" देऊन आत ‘बिगिन’मध्ये एक्झिट !(उ > ३) लिहावे. एक्झिट कोडाचा अर्थ उलटा असल्यामुळे ते उद्गारचिन्ह विसरू नये.

वेंगुर्ल्याची – प्रतिसाद

देवबाग, मार्ग चांगला आहे, पण ऑकला नोंद देण्यापूर्वी ती तपासलेली असली पाहिजे. बाहेरून दिलेली किंमत संख्येसारखी दिसली तरच ऑक संख्यात्मक तुलना करते, अन्यथा मजकूर म्हणून अक्षरशः तुलना करते, आणि ती कोणतीही एरर देत नाही. ‘३.४ मी’ दिल्यास मजकूर म्हणून तो ‘३’पेक्षा मोठा ठरतो आणि इशारा येतो, म्हणून चाचणी घेणाऱ्याचे समाधान होते. त्याच स्क्रिप्टला ‘१२ मी’ द्या : पहिले अक्षर १ हे ३ पेक्षा लहान, म्हणून बारा मीटरच्या लाटा तीन मीटरपेक्षा कमी ठरतात. रिकामी नोंदही मजकुरातच मोडते आणि सर्वांत लहान ठरते.

याच जातीचा दोष दुहेरी चौकोनी कंसातील > या चिन्हात आहे, [[ १० > ९ ]] हे खोटे ठरते. एकेरी कंसात तर ते चिन्ह शेल स्वतःच उचलतो, आउटपुट वळवण्याचा आदेश मानतो, चालू फोल्डरमध्ये ‘९’ नावाची रिकामी फाइल तयार करतो आणि उरलेले [ १० ] हे ‘मजकूर रिकामा नाही’ एवढ्या अर्थाने खरे ठरवतो. तुलनेसाठी -जीटी, -एलटी असली अक्षरी चिन्हे वापरावी लागण्याचे कारण हेच आहे. आपल्या फोल्डरमध्ये केवळ अंकांच्या नावाच्या रिकाम्या फाइली आढळल्या तर आधी जुन्या स्क्रिप्टमध्ये हे चिन्ह शोधावे.

जांभा – प्रतिसाद

शेलचेक (स्क्रिप्टमधील चुका दाखवणारे साधन) चालवले आहे का? तुलनेत > वापरल्यास एससी२०७१, दशांश लिहिल्यास एससी२०७२ असा इशारा ते देते.

माचला – प्रतिसाद

शेलचेक अवश्य चालवावे, पण ते स्क्रिप्टचा मजकूर वाचते, फाइलमध्ये उद्या येणारी नोंद त्याला दिसत नाही. सुकाणू यांच्या ओळीत "$उंची" आहे, अवतरणचिन्हेही आहेत, -जीटीही आहे. शेलचेकच्या दृष्टीने ती ओळ निर्दोष आहे.

एक सुरक्षेचा मुद्दा राहिला. दुहेरी कंस डावी-उजवी बाजू अंकगणित म्हणून सोडवतात, आणि त्या पदावलीत अॅरेचा (अनेक किमतींच्या व्हेरिएबलचा) निर्देशांक येऊ शकतो. निर्देशांकाच्या जागी डॉलर आणि कंसात एखादी कमांड लिहिलेली नोंद कोणी फाइलमध्ये टाकली, तर तुलना करता करता बॅश ती कमांड चालवून मोकळा होतो. नोंद कार्यालयातील माणसाने हाताने टाकली तर प्रश्न कमी, पण उद्या तीच नोंद मोबाइलवरच्या संदेशातून किंवा संकेतस्थळावरच्या अर्जातून घेणार असाल, तर तपासणीपूर्वी दुहेरी कंसाजवळ तिला नेऊच नये.

सुकाणू – प्रतिसाद

सर्वांचे आभार. आलेल्या सूचनांवरून मी जी मांडणी केली आहे ती इथे देतो, त्रुटी दिसल्यास सांगावे.

तुलना आता थेट इफमध्ये नाही. ‘मोठी_का’ नावाचे एक फंक्शन आहे आणि ते ०, १ किंवा २ एवढेच कोड परत करते. त्यात प्रथम केस या नमुन्यांशी ताडून शाखा निवडणाऱ्या रचनेने नोंद तपासली जाते : रिकामी असेल, दहा इंग्रजी अंक आणि दशांशबिंदू यांखेरीज अन्य काही असेल, बिंदू एकाहून अधिक असतील किंवा बिंदूच्या एखाद्या बाजूला अंकच नसेल, तर तुलना न करता लगेच २. देवनागरी अंकांचे रूपांतर याच्याही आधी, सेडने, वेगळ्या पायरीवर होते. नोंद शुद्ध ठरल्यावर मीटरचे सेंटिमीटर करून पूर्णांकांची तुलना एकेरी कंसात होते. हे रूपांतर करताना बिंदू नुसता पुसून चालत नाही, कारण मग ३.४ चे ३४ आणि ३.४० चे ३४० होतात. अपूर्णांकाचा भाग उजवीकडे शून्ये जोडून दोन अंकी करावा लागतो आणि दोनाहून जास्त अंक असल्यास छाटावा लागतो. ०.८ चे ०८० होते, पण तुलना एकेरी कंसात असल्यामुळे माचला यांनी सांगितलेला आठच्या पायाचा घोटाळा तिथे होत नाही. छाटणीमुळे ३.००९ ही नोंद नेमकी ३ ठरते, म्हणून अट -जीटीऐवजी -जीई अशी केली आहे. तांडेलांनाही विचारले, तेही म्हणाले की बरोबर तीन मीटरला इशारा आलेलाच बरा.

फंक्शन वापरताना कोड आधी शून्य ठरवून ‘मोठी_का "$उंची" || कोड=$?’ असे लिहिले आहे, म्हणजे सेट -ई चालू असले तरी स्क्रिप्ट मध्येच थांबत नाही. त्यानंतर केसमध्ये तीन शाखा आहेत. ०ला इशारा, १ला नेहमीचा मजकूर, आणि त्याखेरीज काहीही आले, अगदी १२७ सुद्धा, तर ‘आजची नोंद वाचता आली नाही, कार्यालयात विचारावे’. नेहमीचा मजकूर आता कोणत्याही गोंधळाचे फलित म्हणून बाहेर पडू शकत नाही.

चाचणीचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये आहे, प्रत्येक ओळीत नोंद आणि अपेक्षित कोड. चाचणी चालवणारी स्क्रिप्ट प्रत्येक नोंद डॅश, बॅश आणि बिझीबॉक्स या तिन्हींना देते, कोड ताडून पाहते आणि एरर-वाहिनी स्वतंत्र फाइलमध्ये पकडून ती रिकामी असल्याची खात्री करते. फंक्शनने नोंद आधीच नाकारली असेल तर टेस्टला तक्रार करण्याची वेळच येता कामा नये, म्हणून तिथे एरर दिसणे म्हणजे तपासणीतून काहीतरी निसटले असे मी धरतो.

एका नोंदीचा उलगडा मात्र झालेला नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून पेनड्राइव्हवरून आणलेल्या फाइलमधील साधी ‘२’ ही नोंद कोड २ देते. जुनी स्क्रिप्ट बॅशमध्ये चालवून एरर-वाहिनी उघडून पाहिली तर निरोपाची सुरुवातच गायब होती, केवळ विसर्गासारखी दोन टिंबे आणि ‘इंटिजर एक्स्प्रेशन एक्स्पेक्टेड’ एवढेच शब्द दिसले.

जांभा – प्रतिसाद

ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आहे. विंडोज प्रत्येक ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपवते, त्यांपैकी पहिले नोंदीला चिकटून राहते. बॅश शेवटची रिकामी जागा किंवा टॅब खपवून घेते, पण हे चिन्ह नाही. आणि तेच चिन्ह निरोप छापताना कर्सर ओळीच्या आरंभी नेते, म्हणून उरलेला निरोप आधीच्या अक्षरांवर छापला जातो. नोंद ‘ओडी -सी’ मधून पाहावी, तिथे ते स्पष्ट दिसेल. वाचतानाच टीआर -डी ने ते काढून टाकावे. हे चिन्ह एकाच बाइटचे असल्यामुळे इथे टीआर वापरण्यात धोका नाही.

देवबाग – प्रतिसाद

मांडणी आवडली. एक शंका : घाईत कोणी बिंदू विसरून ३.४ ऐवजी ३४ लिहिले, तर आपल्या तपासणीतून ते सुटते, कारण नोंद शुद्ध आहे. तेव्हा इशारा येईल, म्हणजे चूक सुरक्षित बाजूची आहे. पण १.२ ऐवजी १२ लिहिले तरी इशाराच येईल आणि अशा दोनचार इशाऱ्यांनंतर तांडेल त्याकडे पाहणे सोडून देतील.

सुकाणू – प्रतिसाद

देवबाग, शंका रास्त आहे. फंक्शनमध्ये आता वरची मर्यादाही घातली आहे आणि १० मीटरपेक्षा मोठी नोंद १ किंवा ०कडे न जाता २कडे जाते, मग कार्यालयातून फोन करून आकडा पुन्हा विचारला जाईल. उणे चिन्हाला उंचीच्या नोंदीत स्थान नसल्यामुळे ते अंकांच्या तपासणीतच अडते. भरती-ओहोटीच्या तक्त्यासाठी हेच फंक्शन वापरायचे झाले तर मात्र उधाणाच्या दिवसांतील ओहोटीची पातळी शून्याखालीही जाऊ शकते, म्हणून तिथे आरंभीच्या एकाच उणे चिन्हाला मुभा देणारी वेगळी शाखा लिहावी लागेल. -, --५, ५- आणि -०.० या नोंदी मी त्या तक्त्यासाठी आधीच लिहून ठेवल्या आहेत. जांभा यांनी सांगितल्याप्रमाणे कॅरेज रिटर्न काढल्यावर पेनड्राइव्हवरची फाइल तिन्ही शेलमध्ये कोड १ देते आणि एरर-वाहिनी रिकामी राहते.